खारफुटीत डेब्रिज पडतंय? तक्रार अशी लिहा

नेरूळच्या खाडीकडेला राहणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाचा सल्ला: आधी पुरावा, मग संताप.

ओहोटीला फोटो काढा, तेव्हा डेब्रिजचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा, भराव उघडा दिसतो. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. डंपरचा नंबर मिळाला तर उत्तम, पण रात्री एकट्याने चालकाशी हुज्जत घालू नका.

अर्ज एकच पान. 'निसर्ग वाचवा' वगैरे नको. जागा, तारीख, वेळ लिहा. एक वाक्य मात्र हवंच: मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार खारफुटी तोडणं, त्यावर भराव टाकणं आणि तिच्याभोवती 50 मीटरमध्ये बांधकाम करणं यांना मनाई आहे. जमीन खासगी असली तरीही! 'आमचा प्लॉट आहे' या उत्तराला हेच औषध.

प्रती वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला, महापालिकेला आणि बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांना द्या. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'नंतर या' म्हणाले तरी थांबा, बाकडी असतात.

काहीच हललं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: 'आवक क्रमांक अमुकवर काय कारवाई केली?' उत्तराची मुदत 30 दिवस.