ओपल अखंड आहे की थरांचा, हे कसे ओळखावे

ओपलची पारख करताना बहुतेक लोक दगडाच्या तोंडावरचे रंग पाहतात आणि तिथेच फसतात, कारण अखंड ओपल आणि चिकटवून तयार केलेला ओपल समोरून सारखेच खुलून दिसतात. शुक्राचे रत्न म्हणून हिऱ्याऐवजी ओपल घालण्याची प्रथा असल्याने गोव्यात तो सराफाकडे मिळतो, आणि हणजूणच्या बुधवारच्या बाजारात चांदीच्या दागिन्यांतही दिसतो. दोन्ही ठिकाणी पाहण्याची रीत एकच आहे : आधी कड, मग पाठ आणि सर्वांत शेवटी तोंड.

प्रथम संज्ञा समजून घ्याव्यात. एकाच नैसर्गिक तुकड्यातून घडवलेला दगड म्हणजे अखंड किंवा सॉलिड ओपल. ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवली की तो डब्लेट होतो आणि त्या चकतीवर आणखी काचेचा, स्फटिकाचा किंवा प्लास्टिकचा पारदर्शक घुमट बसवला की ट्रिप्लेट. गडद पाठीमुळे भटका प्रकाश शोषला जातो आणि साध्या चकतीचे रंगही काळ्या ओपलसारखे उठून दिसतात. डब्लेट घेण्यात गैर काहीच नाही. तो डब्लेट म्हणून आणि डब्लेटच्या भावाने विकला गेला पाहिजे, एवढेच. रत्तीवर किंमत लावली असेल तर हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो, कारण अशा दगडाच्या वजनातला मोठा भाग पाठीचा किंवा घुमटाचा असतो आणि आपण त्याचेही पैसे ओपलच्या दराने मोजतो.

साहित्य थोडेच लागते : दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग, लहान टॉर्च, पांढरा कागद आणि काळे कापड. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सामान्य ओपलही पेटल्यासारखा वाटतो, म्हणून दगड दाराशी दिवसाच्या उजेडात पाहावा. घरी असेल तर सकाळी बाल्कांवावर बसून पाहणे उत्तम. दगड कोरड्या मऊ कापडाने पुसावा. पाण्यात बुडवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी कडेची आहे. दगड डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून भिंगातून सावकाश सगळीकडून फिरवावा. रंगीत भाग आणि गडद भाग यांच्यामध्ये प्लायवूडच्या कडेवर दिसते तशी अगदी सरळ, सभोवार एकाच उंचीवर जाणारी रेघ दिसली तर तो बहुधा डब्लेट आहे. त्या रेघेत हवेचे बारीक बुडबुडे किंवा डिंकाची चमक दिसली तर शंका उरत नाही. अखंड काळ्या ओपललाही रंगांचा खेळ नसलेल्या ओपलची पाठ असते, परंतु तिथे सीमारेषा वरखाली होते आणि रंग पाठीत घुसलेले दिसतात. ट्रिप्लेट ओळखणे त्याहून सोपे आहे : कडेने पाहिल्यावर वरचा घुमट नितळ काचेसारखा रिकामा दिसतो आणि सगळे रंग तळाच्या एका सपाट पातळीवर पसरलेले असतात.

इथे बोल्डर ओपलची गफलत होऊ देऊ नये. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये हा ओपल लोहयुक्त तपकिरी खडकाच्या भेगांत तयार होतो आणि त्या खडकासकटच घडवला जातो. त्याची पाठ डिचोली-सांगेकडची खनिजमाती पाहिलेल्याला ओळखीची वाटेल. त्यालाही दोन थर असतात, पण ते निसर्गानेच जोडलेले असल्याने सांधा नागमोडी असतो. लबाडी करणारे डब्लेटलाही अशाच खडकाची पाठ लावतात, म्हणून पाठीच्या रंगावर न जाता सांध्याची रेघच पाहावी.

दुसरी पायरी पाठीची. रत्न अंगाला लागावे म्हणून आपल्याकडे राशीच्या अंगठ्या मागून उघड्या घडवतात, त्याचा इथे फायदा होतो. पाठ एकसारखी काळीभोर, गुळगुळीत आणि सपाट असेल, तर काच किंवा प्लास्टिकचा संशय घ्यावा. कोंदण मागून बंद असेल आणि कडाही सोन्याखाली झाकलेल्या असतील, तर भिंगाने खात्रीलायक काही सांगता येत नाही. अशा वेळी दगड सुटा पाहण्याचा आग्रह धरावा आणि नंतरच अंगठी घडवावी.

आता तोंड. ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे शिस्तीने रचलेले असतात आणि त्यांच्यावर प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग दिसतात. ही रचना ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने 1964 मध्ये उलगडली. प्रकार मात्र या रंगांवरून नव्हे, तर त्यांच्यामागच्या अंगरंगावरून ठरतो. गडद अंगाचा तो काळा ओपल, ज्यासाठी ऑस्ट्रेलियातील लायटनिंग रिज प्रसिद्ध आहे. दुधाळ अंगाचा तो पांढरा, मुख्यतः त्याच देशातील कूबर पेडीचा. आरपार दिसणारा तो क्रिस्टल. मेक्सिकोचा फायर ओपल नारिंगी-लाल असतो आणि त्यात रंगांचा खेळ अनेकदा नसतोच. इथिओपियाच्या वोलो भागातला ओपल 2008 पासून बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. तो बहुधा पाणी शोषतो, पारदर्शक होतो आणि सुकल्यावर पूर्ववत होतो. याच सच्छिद्रतेमुळे तो धुराने किंवा रंगाने काळा करता येतो, म्हणून काळा इथिओपियन ओपल स्वस्तात मिळत असेल तर प्रक्रियेबद्दल स्पष्ट विचारावे.

रंगांचे ठिपके भिंगाखाली सापाच्या कातडीसारखे खवलेखवले दिसले आणि कडेने पाहताना ते उभ्या खांबांसारखे वाटले, तर दगड कृत्रिम असण्याची शक्यता मोठी आहे. ओपलाइट ही तर निव्वळ काच असते : काळ्या कापडावर निळसर, उजेडासमोर धरली की पिवळट-नारिंगी.

पाण्याबद्दल एवढा आग्रह का, तेही सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला एका दुकानदाराने अखंड म्हणून अंगठी विकली. चवथीच्या कामात दिवसभर हात ओले, तरी दोन वर्षे काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी दगडाच्या कडेने ताकाच्या निवळीसारखे धुरकट वर्तुळ उमटले आणि हळूहळू आत सरकू लागले. घरात काहींनी रत्नाने पीडा ओढून घेतली, असा अर्थ लावला. भिंगाखाली मात्र काळी पाठ आणि चकती यांच्यामधल्या डिंकात शिरलेला ओलावा स्वच्छ दिसत होता.

म्हणून शेवटची पायरी कागदावरची. ‘ओपल’ एवढाच शब्द लिहिलेले बिल घेऊ नये. अखंड, डब्लेट की ट्रिप्लेट, नैसर्गिक की कृत्रिम, आणि काही प्रक्रिया केली आहे का, हे त्यावर लिहून घ्यावे. मोठी रक्कम असेल तर सुट्या दगडाची रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. पुढे अंगठीचे माप बदलायचे झाले, तर झाळण्याआधी दगड काढून ठेवायला सोनाराला सांगावे, कारण ज्योतीच्या उष्णतेने अखंड ओपलही तडकतो.