'थिंग्ज फॉल अपार्ट': म्हणी, माणसे आणि इग्बो संस्कृती कशी अभ्यासावी

नायजेरियातील इग्बो समाजावरची, ओकोन्क्वो या नायकाची चिनुआ अचेबे यांची ही कादंबरी (1958) तीन भागांत, 25 प्रकरणांची आहे. पहिले वाचन न थांबता करा. दुसऱ्या वाचनात वहीत चार रकाने आखा: म्हण, प्रकरण, बोलणारा, प्रसंग. पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरणाचा क्रमांकच लिहा.

म्हणीचा नुसता अर्थ लिहून थांबणे ही नेहमीची चूक. ती कोण, कशासाठी वापरतो हे महत्त्वाचे. एनेके पक्ष्याची म्हण (माणसे नेम न चुकता मारायला शिकली, म्हणून मी न बसता उडायला शिकलो) तिसऱ्या प्रकरणात सधन शेतकरी न्वाकिबिए बियाण्याचे याम (एक कंद) सहजासहजी का देत नाही हे सांगताना येते. 24व्या प्रकरणात गावचा पुढारी ओकिका तीच गावसभेत, गोऱ्या सत्तेविरुद्ध म्हणतो. शब्द तेच, काळ फिरलेला! तसेच 'ची', म्हणजे माणसाचे व्यक्तिगत दैवत. माणूस हो म्हणाला की त्याची चीही हो म्हणते, असे चौथ्या प्रकरणात वाचतो. 14व्यात, हद्दपारीत, ओकोन्क्वोला तेच वचन खोटे वाटते. ही जोडी सापडली की त्याचे व्यक्तिचित्र अर्धे हाती येते.

त्याला नुसता 'रागीट' ठरवू नका. बाप उनोकासारखे होण्याची भीती त्याच्या प्रत्येक कृतीत शोधा, आणि शेजारी विचारी मित्र ओबिएरिका ठेवा.

पेरणीआधीच्या, हिंसा निषिद्ध असलेल्या शांतता-सप्ताहात त्याने बायकोला मारले, याचा दंड भूदेवी आनीच्या पुजाऱ्याने केला. गुन्हा देवीविरुद्ध होता. पीक तिच्या हाती. कोला नट (पाहुण्याला देण्याचे फळबीज), याम, चार दिवसांचा बाजार-आठवडा यांच्याही अशाच नोंदी करा.