बायपासनंतर फुफ्फुसं कशी जपावीत

बायपास हृदयाचा असला, तरी पहिल्या आठवड्यात कुरकुर बहुधा डाव्या फुफ्फुसाच्या तळाची असते. बायपाससाठी वापरायची छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी (रक्तवाहिनी) सोडवताना फुफ्फुसाचं आवरण बऱ्याचदा उघडतं. भुलीत फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. त्यात शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं मधलं हाड दुखतं म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो. मिटलेल्या भागात कफ साचला की न्यूमोनियाला वाट मिळते.

घरची माणसं मायेने सांगतात, "खोकू नका, टाके तुटतील." असं सांगू नका. हाड तारांनी आवळलेलं असतं. घट्ट उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरायचा, खोल श्वास घ्यायचा आणि दोनदा जोरात खोकायचं. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने हे सोपं जातं.

तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणात, बरेच जण फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, हवा ओढायची असते. खुर्चीत ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढा. चेंडू तीन सेकंद वर राहू द्या. झटका देऊन तिन्ही चेंडू उडवले तर तळ उघडत नाही. एकच चेंडू, पण टिकलेला, जास्त कामाचा. जागेपणी दर तासाला 10 वेळा करा, मध्ये थांबत. चक्कर आली तर विश्रांती घ्या.

फुफ्फुसाभोवती थोडं पाणी होणं नेहमीचं आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत जिरतं. आडवं पडल्यावर दम वाढत असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी लागते. सुईने पाणी काढताना सहसा एका वेळी दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, कारण बराच काळ दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येते. सुरुवातीच्या आठवड्यांत हे पाणी लालसर निघतं, नंतर पिवळसर. लाल रंग पाहून लगेच घाबरू नका.

काही आठवड्यांनी ताप आणि खोल श्वासाला टोचणारी छाती, हे हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या आवरणाच्या दाहामुळेही होतं. त्यावर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून आणू नका. बायपासनंतर ही औषधं धोक्याची ठरू शकतात.

अंगात पाणी साचतंय का हे कळायला रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन दिवसांत किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. अचानक दम लागला, थुंकीत रक्त आलं, एक पोटरी सुजून दुखू लागली किंवा हाडात कटकट आवाज आला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात 108 ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते.