जुनं संगीत नाटक नव्याने बसवताना: कात्री आधी कुठे चालवायची

जुन्या संगीत नाटकांच्या नव्या प्रयोगांत मी बरीच वर्षं सहाय्यक दिग्दर्शक म्हणून काम करतोय आणि नवीन येणारी मुलंमुली हमखास विचारतात की आजच्या प्रेक्षकाला हे झेपेल का. झेपतं हो! 2010 मध्ये राहुल देशपांडेंनी 'कट्यार काळजात घुसली' परत आणलं तेव्हा कॉलेजची पोरं येऊन बसलीच की. लोक रागदारीला कंटाळत नाहीत, गोष्ट जागेवर थांबली की मोबाईल बाहेर निघतात.

आता 'सौभद्र' घ्या, 1882 चं नाटक, पदं म्हणजे नाटकातली गाणी शंभराच्या वर, रात्रभर बसणाऱ्या लोकांसाठी लिहिलेलं. आपल्याला मध्यंतर धरून तीन तासांत संपवायचंय कारण थिएटर पुढच्या प्रयोगासाठी रिकामं करून द्यावं लागतं. म्हणजे कापायचं तर आहेच, प्रश्न फक्त काय कापायचं हा.

माझी पद्धत अशी, संहितेची झेरॉक्स काढायची आणि प्रत्येक पदासमोर पेन्सिलने लिहायचं की पद सुरू होताना पात्राच्या मनात काय होतं आणि संपताना काय आहे. दोन्हीकडे तेच असेल तर ते पद जाऊ शकतं. नवीन लोक पहिल्यांदा साक्या आणि दिंड्या (हे जुने पद्यप्रकार) उडवतात, छोट्या आहेत, कोणाला आठवत नाहीत म्हणून. मी म्हणेन त्याच ठेवा! अर्ध्या मिनिटात होतात, जवळजवळ गायलेले संवादच असतात आणि गोष्ट पुढे ढकलतात. वेळ खातात ती गाजलेली पदं, आणि ती काढता येत नाहीत कारण अर्धं थिएटर त्यांच्यासाठीच आलेलं असतं. तिथे पद ठेवायचं, ताना कमी करायच्या. गायक रुसतो, रुसू दे, मैफल त्याची वेगळी होतेच. पण सगळीकडे एकच नियम नको, सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' मी कधीच घाईत उरकू देणार नाही, तिचं लग्न भाऊ परस्पर दुर्योधनाशी ठरवतोय आणि तिला अर्जुन हवाय, आजच्या मुलीला कळायला अजून काय पाहिजे, वेगळा स्त्रीवादी संवाद घुसडायची गरजच नाही.

आणि एक गोष्ट कोणी शिकवत नाही ती म्हणजे न गाणाऱ्याचं काय करायचं. नायक पाच मिनिटं गातोय आणि नायिका बाजूला उभी राहून पदराशी चाळा करतेय, प्रयोग मरतो तो इथे. तिला पदातल्या ओळी ऐकताना काय काय वाटतंय हे संवादासारखंच बसवायला लागतं, कुठल्या ओळीला वळायचं, कुठे उठून जायचं, सगळं. म्हणून आम्ही आधी पदांचे शब्द नुसते बोलून गद्य तालीम करतो, सूर नंतर. मग संवादाचा शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला सूर यांच्यात फट राहता कामा नये, ऑर्गनवाल्याने शेवटच्या वाक्याखालीच सूर धरायचा, ही जागा पाठ होईपर्यंत घासायची.

पट्टीचा, म्हणजे ज्या उंचीवर गायक आपला सा धरतो तिचा, घोळ वेगळाच. बालगंधर्वांच्या काळात नायिकाही पुरुषच करायचे, आता बाई गाते, तिची पट्टी आणि नायकाची पट्टी जुळत नाही, त्यामुळे दोघांची पदं लागोपाठ आली की तबला बदलायला लागतो किंवा एकाने मध्यमाला (सरगमातल्या चौथ्या सुराला) आपला सा धरून गायचं. हे वाचनाच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा, रंगीत तालमीला नको. कॉलर माइकचंही तसंच, तबला पुढे येऊन शब्द बुडतात, साउंडवाल्याला तालमीपासून बसवा. वन्समोअर द्यायचा की नाही तेही आधीच ठरलेलं बरं.

ज्येष्ठ मंडळी म्हणतील अभिजात नाटकाला हात लावू नका. ऐकून घ्या, वाद घालू नका, पण एवढं लक्षात ठेवा की 'संशयकल्लोळ' आधी गद्य नाटक होतं आणि त्याचे लेखक देवल यांनी स्वतःच त्यात पदं घालून 1916 ला ते संगीत केलं.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण टाळू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. देवल 1916 ला गेले, नाटककार खाडिलकर 1948 ला, त्यांची नाटकं मोकळी आहेत. पण 'कट्यार'चे दारव्हेकर 1999 ला आणि संगीतकार अभिषेकी 1998 ला गेले, तिथे संहितेची आणि चालींची परवानगी वेगवेगळी घ्यायची. शिवाय रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, त्यासाठी तुम्ही कापून तयार केलेली संहिता पाठवा, छापील पुस्तक नको.

या क्षेत्रात शिरायचं असेल तर राज्य हौशी संगीत नाट्य स्पर्धेत उतरणारा एखादा ग्रुप गाठा आणि भूमिका मागण्याआधी तालमीत ऑर्गनशेजारी बसायचं काम मागा. हातात घड्याळ, मांडीवर संहिता, प्रत्येक पदाला किती वेळ लागला ते रोज लिहायचं, कारण गायक रंगात आला की तेच पद रोज थोडं थोडं वाढत जातं आणि दिग्दर्शकाला ते सांगणारं कोणीतरी लागतं.