आट्यांचं हँडल बदलताना

जुनी स्टीलची सायकल घेऊन गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "हे हँडल काढून नव्या पद्धतीचं बसवून द्या." मुंबईत सायकलदुरुस्तीच्या कामात नव्याने शिरणाऱ्यांना हे काम लवकरच भेटतं. लगेच हो म्हणू नका. आधी व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायची पट्टी, काढा.

जुन्या पद्धतीत चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, नळीला वरच्या टोकाला आटे असतात. वरची वाटी आणि लॉकनट त्या आट्यांवर बसतात आणि छर्रे किती आवळायचे ते त्यांच्यावर ठरतं. स्टेम, म्हणजे हँडलबार धरणारा तुकडा, नळीच्या आत उतरतो. लांब बोल्ट आवळला की खालची पाचर सरकून तो आत अडकतो. नव्या पद्धतीत नळीला आटे नसतात, स्टेम तिला बाहेरून पकडतो. ही पद्धत १९९०च्या दशकात पसरली.

आता मापं. इथेच नवी पोरं फसतात, कारण २५.४ हा आकडा तीन ठिकाणी येतो. १ इंची चिमट्याच्या नळीचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी, सव्वा नव्हे तर १ १/८ इंची नळीत आत जाणाऱ्या स्टेमचा व्यास २५.४, आणि बऱ्याच हँडलबारचा मधला भागही २५.४. दुकानात नुसतं "पंचवीस-चार द्या" म्हणालात तर भलतंच हातात येईल. कशाचं माप ते आधी बोला. १ इंची नळीत जाणारा स्टेम २२.२ चा असतो; १ १/८ इंची नळी बाहेरून २८.६.

पूर्ण बदल करायचा तर चिमटाच बदलावा लागतो, सोबत वाट्याही. १ इंची फ्रेमच्या मानेत १ १/८ इंची चिमटा जात नाही, आणि बिनआट्यांचा १ इंची चिमटा शोधणं म्हणजे काळबादेवीतली दुकानं पालथी घालणं. शिवाय नव्या चिमट्याची उंची आणि ब्रेकची जागा जुन्याशी जुळायला हवी. दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल असेल तर मी सरळ नाही म्हणतो. तिचे ब्रेक हँडलशीच बांधलेले असतात.

म्हणून बहुतेक वेळा अडॅप्टर पुरे. तो जुन्या स्टेमसारखा नळीत उतरतो आणि वरचं टोक २८.६ चं देतो, त्यावर नवा स्टेम बसतो. वजन थोडं वाढतं, दिसायला जरा बेंगरूळ. मला चालतं. मात्र आट्यांच्या नळीवर नवा स्टेम थेट आवळून देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. आट्यांनी नळी कमजोर झालेली असते.

खरा वेळ जातो जुना स्टेम काढण्यात. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. ॲल्युमिनियमचा स्टेम स्टीलच्या नळीत चिकटून बसतो. बोल्ट पूर्ण काढू नका, चार-पाच फेरे सैल करा, वर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका, म्हणजे पाचर सुटेल. नाही सुटली तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. बसवताना ग्रीस लावा, आणि अडॅप्टरवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत गेलीच पाहिजे.

पूर्ण बदल केलात तर क्रम लक्षात ठेवा: आधी वरची टोपी, मग स्टेमचे बाजूचे बोल्ट. टोपी नळीच्या आत ठोकून बसवलेल्या स्टार नटला ओढून फक्त छऱ्यांचा ताण ठरवते, हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. उलट केलंत तर ताण बसतच नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, खालच्या वाटीवर बोट ठेवा; खडखड लागली तर पुन्हा सैल करून सुरुवात. स्टेमवर न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो, तेवढंच आवळा.

जुना स्टेम आणि नट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. आत उतरणारा स्टेम वर-खाली करता येतो, नव्याची उंची वॉशर आणि स्टेमच्या कोनापुरतीच बदलते. एस. व्ही. रोडच्या गर्दीत चालवणाऱ्यांपैकी काहींना ताठ बसायची सवय असते, ते जुनंच परत बसवून मागतात. अडॅप्टर असेल तर ते काम अर्ध्या तासाचं.