बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी शिशाचा मिश्रधातू कसा निवडावा

घरी गोळ्या ओतायला सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात, की सर्वांत कडक मिश्रधातू कोणता आणि तो कुठे मिळेल. खरे तर विचाराची सुरुवात दुसरीकडून व्हायला हवी. गोळी आपल्या बंदुकीच्या नळीत नीट बसते की नाही, तिच्यामागे किती दाब असणार आहे आणि ती लक्ष्यावर झाडायची आहे की शिकारीसाठी वापरायची आहे, या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. त्यांना पुरेल तेवढाच कडक मिश्रधातू घ्यावा, त्याहून कडक घेऊ नये. अर्थात, हे सारे जिथे कायद्याने या कामाला मुभा आहे आणि आवश्यक तो परवाना हातात आहे, तिथल्यापुरतेच.

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची ब्रिनेल कठिणता (धातूचा कडकपणा सांगणारा आकडा; मोठा आकडा म्हणजे अधिक कडक) ५ च्या आसपास असते; नखाने ओरखडा उठावा इतके ते मऊ असते. त्यात कथील मिसळले की कडकपणा थोडाच वाढतो, पण वितळलेल्या रसाचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो आणि गोळीच्या कडा धारदार उमटतात. यासाठी दोन टक्के कथील पुरते. कथील महाग असते, आणि ओतकाम सोपे व्हावे एवढ्याच हेतूने दोन टक्क्यांच्या वर घातलेले कथील वायाच जाते, असे माझे ठाम मत आहे. कडकपणाचे खरे काम अँटिमनी हे धातुसदृश मूलद्रव्य करते. मात्र ती गोळीला ठिसूळही बनवते, आणि तिचा स्वतःचा वितळबिंदू ६३० अंश असल्याने घरच्या भांड्यात ती सुटी विरघळवत बसणे व्यवहार्य नसते. म्हणून अँटिमनी नेहमी तयार मिश्रधातूच्या रूपातच घ्यावी. तिच्यासोबत कथीलही असेल, तर ते अँटिमनीशी जोडले जाऊन ठिसूळपणा बराच आवरते. पण एवढ्यासाठी कथिलाचे प्रमाण अँटिमनीपेक्षा वाढवून काही साधत नाही.

नेहमीच्या वापरातली काही मिश्रणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वीस भाग शिसे आणि एक भाग कथील यांची कठिणता सुमारे १० भरते. टायरच्या बॅलन्सिंगची पट्टीने अडकवायची जुनी वजने साधारण १२ ची असतात. त्यांत सुमारे तीन टक्के अँटिमनी, अर्धा टक्का कथील आणि नावापुरते आर्सेनिक असते. नव्वद टक्के शिसे, पाच टक्के कथील आणि पाच टक्के अँटिमनी हे ‘लायमन नंबर दोन’ म्हणून ओळखले जाणारे मिश्रण १५ च्या आसपास जाते, तर ९२ टक्के शिसे, सहा टक्के अँटिमनी आणि दोन टक्के कथील यांचे ‘हार्डबॉल’ १६ च्या आसपास. छापखान्यात अक्षरांच्या ओळी ओतण्यासाठीच्या लायनोटाइप या मिश्रधातूत ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि चार टक्के कथील असते आणि त्याची कठिणता २२ पर्यंत पोहोचते. सुटी अक्षरे ओतण्यासाठीचा मोनोटाइप त्याहूनही कडक असतो.

आता मापाविषयी, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथेच असते. नळीत शिसे चिकटू लागले की लोक लगेच अधिक कडक मिश्रधातूकडे वळतात. पण गोळी नळीपेक्षा किंचितही बारीक असली, तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, पृष्ठभाग जाळत जातो आणि ते वितळलेले शिसे नळीतल्या खाचांत थापले जाते. मऊ गोळी दाबाखाली थोडी फुगून ही फट बुजवते. कडक गोळीला ते जमत नाही आणि तक्रार आणखी वाढते. म्हणून आधी शुद्ध शिशाचा एक तुकडा तेल लावलेल्या, रिकाम्या नळीतून हलकेच ठोकत पलीकडे काढावा, मायक्रोमीटरने त्याची सर्वांत मोठी रुंदी मोजावी आणि गोळी त्याहून एक सहस्रांश इंच जाड ठेवावी. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्रातील कप्प्यांची तोंडेही मोजावीत, कारण ती नळीपेक्षा अरुंद असली तर गोळी नळीत शिरण्याआधीच दाबून बारीक होते, आणि मग कोणताही मिश्रधातू उपयोगी पडत नाही.

दाबाचा ढोबळ अंदाज घ्यायचा असेल, तर ब्रिनेलच्या आकड्याला १,४२२ ने गुणावे. येणारे उत्तर पौंड प्रति चौरस इंच या मापात त्या धातूची सोसण्याची मर्यादा दाखवते. कठिणता १२ असेल तर ती १७,००० च्या आसपास येते, आणि पॉइंट ३८ स्पेशल काडतुसाचा कमाल प्रमाण दाब तेवढाच आहे. पॉइंट ३५७ मॅग्नमचा कमाल दाब ३५,००० आहे. या सूत्राने त्याला लायनोटाइपहूनही कडक धातू लागेल, पण माप बिनचूक असेल आणि वंगण चांगले असेल तर १५-१६ ची गोळी त्यातही स्वच्छ चालते. म्हणून या सूत्राला मार्गदर्शक मानावे, त्यापुढे जाऊ नये. जलद रायफलसाठी १६ ते २२ ची कठिणता घेऊन गोळीच्या बुडाला तांब्याची वाटी बसवणे हा रुळलेला उपाय आहे. नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीसाठी मात्र शुद्ध शिसेच हवे. १८४९ मधील मिनिए गोळीचे पोकळ बूड फुगून खाचांत बसते ते शिसे मऊ असल्यामुळेच. शिकारीच्या गोळीतही अँटिमनी कमी आणि कथील अधिक असलेले बरे, कारण ती फुटण्याऐवजी पसरायला हवी.

भंगारातून माल घेताना डोळे उघडे ठेवावेत. बॅलन्सिंगच्या वजनांत हल्ली जस्त आणि लोखंड सर्रास मिसळलेले असते. पट्टीची वजने कडक, तर चिकटवायची वजने बहुधा जवळजवळ शुद्ध शिशाची असतात, म्हणून दोन्ही वेगळी वितळवावीत. जस्त ४१९ अंशांना वितळते. त्यामुळे भांडे ३७० च्या आत ठेवले तर जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात आणि झाऱ्याने उचलता येतात. एकदा ते रसात विरघळले की सगळा रस लापशीसारखा दाटतो आणि साचा भरत नाही. वाहनांच्या बॅटरीतले शिसे मात्र कधीही वापरू नये. त्यात आम्ल असते, शिवाय कॅल्शियम, आर्सेनिक आणि अँटिमनीही असू शकतात; रसावर जमणाऱ्या त्यांच्या मळीला ओल लागली की आर्सिन आणि स्टिबिन हे अत्यंत विषारी वायू निर्माण होतात. फुकट मिळाले तरी ते नाकारावे.

अनोळखी तुकडा फरशीवर टाकून पाहावा. शुद्ध शिसे ‘धप्प’ असा बोथट आवाज करून पडते, अँटिमनी असलेला तुकडा खणखणतो. हातोडीने ठोकल्यावर शिसे पसरते, लायनोटाइपची पट्टी मात्र कट्कन मोडते आणि मोडलेल्या तोंडावर चकाकणारे बारीक कण दिसतात. याहून नेमका अंदाज चित्रकाराच्या पेन्सिलींनी घेता येतो: सर्वांत मऊ पेन्सिलीपासून सुरुवात करावी आणि जी पहिली पेन्सिल नुसती न घसरता धातूला खरवडते, तिचा क्रमांक नोंदवावा. शुद्ध शिशाचा तुकडा तुलनेसाठी शेजारी ठेवावा.

मिश्रणाचा हिशोब अवघड नाही. लायनोटाइप आणि शुद्ध शिसे समान वजनाने घेतले की बरोबर ‘हार्डबॉल’ तयार होते. लायनोटाइप नुसता ओतणे ही उधळपट्टी आहे, शिवाय तशी गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा हलकी भरते. दहा किलो बॅलन्सिंग वजनांत साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसे असलेले अडीचशे ग्रॅम सोल्डर घातले की कथील दोन टक्क्यांच्या जवळ जाते. वीसास एक मिश्रण हवे असेल तर अशाच एक किलो सोल्डरला ११.६ किलो शुद्ध शिसे लागते.

रस थंडावू लागला की वर दाटसर, चंदेरी साय येते. नवखे लोक तिला मळी समजून काढून टाकतात, आणि तिच्याबरोबर कथील व अँटिमनीच निघून जातात. उष्णता वाढवावी, थोडे मेण किंवा कोरडा लाकडी भुसा टाकून तळापासून ढवळावे. सुटे धातू पुन्हा रसात जातात, वर उरते ती राखट भुकटी तेवढी काढावी. कोरडेपणाबाबत कणभरही ढिलाई नको, कारण वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तरी वाफ होऊन रस चेहऱ्यावर उडतो. काम उघड्या, वाहत्या हवेत, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावे. तिथे खाऊ-पिऊ नये, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, मुलांना जवळ येऊ देऊ नये, आणि रक्तातील शिशाची तपासणी वेळोवेळी करून घ्यावी, कारण सर्वांत मोठा धोका धुरापेक्षा ती भुकटी हाताला आणि कपड्यांना लागून घरात येण्याचा असतो.

आर्सेनिकचा अंश असलेल्या बॅलन्सिंग वजनांच्या गोळ्या साच्यातून थेट पाण्यात सोडल्या तर त्यांची कठिणता २० च्या आसपास जाऊ शकते. पाण्याची बादली मात्र भांड्यापासून दूर आणि खाली ठेवावी. अशा गोळ्या नंतर मापाच्या साच्यातून दाबल्या तर पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो. अँटिमनीयुक्त गोळी ओतल्यानंतरही काही दिवस कडक होत राहते, म्हणून त्याच दिवशी घेतलेले माप ग्राह्य धरू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावे, आणि साठवणीसाठी ओतलेल्या मिश्रधातूच्या प्रत्येक विटेवर मिश्रणाचे प्रमाण व ओतण्याची तारीख ठशाने उमटवून ठेवावी.