पाडा आपला, दप्तर परराज्यात: सीमेवरच्या गावातले पूर्वज कसे शोधावेत

‘आडनाव टाका, ऑनलाइन सातबारा काढा, वंशावळ तयार’ असं सांगणाऱ्याला एकदा गुजरात सीमेलगतच्या तलासरीपलीकडच्या पाड्यावर नेऊन सोडायला हवं. आमच्या भागात जुन्या कागदांवर आडनाव क्वचितच सापडतं आणि पाड्याचं नाव तर जवळपास नसतंच.

आजीला विचारणं, आजोबांचा शाळेचा दाखला शोधणं हे तुम्ही केलं असेलच. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी ठरवलेली, तिच्यावर विसंबू नका.

आधी गाव पक्कं करा

माझी दीड वर्षं इथेच गेली. पणजोबांचा पाडा जुन्या उंबरगाव तालुक्यातला. घरात ‘ठाणे जिल्हा’ एवढंच ठाऊक, म्हणून मी ठाण्यातून रजा काढून एका तालुका कचेरीत चकरा मारत राहिलो. ‘असं गाव आमच्याकडे नाही’ हे उत्तर मला टोलवाटोलवी वाटायचं. पण गाव खरंच त्यांच्याकडे नव्हतं. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली. नंदुरबार, नवापूर, अक्कलकुवा, तळोदा भागातल्याही काही गावांचं तेच झालं. आणि इकडे राहिलेली गावं २०१४ पासून ठाण्यात नाहीत, पालघर जिल्ह्यात आहेत.

म्हणून माझं ठाम मत: आडनावाच्या मागे लागण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिहा. पाडा कोणता, तो कोणत्या महसुली गावात मोडायचा, आणि ते गाव कोणत्या साली कोणत्या तालुक्यात होतं. पाड्याला स्वतंत्र दप्तर नसतं. जमिनीची नोंद महसुली गावाच्या नावाने होते. पाटीलपाडा तर गावोगाव सापडतो. १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. १९५१ च्या ठाणे पुस्तिकेत असलेलं गाव १९६१ च्या पुस्तिकेत दिसेनासं झालं, तर ते गुजरातेत गेलं का, हे आधी बघा. मला हे एका निवृत्त तलाठ्याने चहा पिता पिता सांगितलं, तोवर माझ्या अर्ध्या रजा संपल्या होत्या.

पलीकडे गेलेल्या गावात नावंही कपडे बदलतात. उंबरगावचं उमरगाम झालं, पाड्याला तिकडे फळिया म्हणतात, आणि धर्मा नावाचा माणूस पुढच्या पानावर धरमाभाई होतो. मी पाहिलेल्या नोंदवहीत आधीची पानं मराठीत, पुढची गुजरातीत होती. तोच माणूस, तीच जमीन, पण मी त्याला दुसरा समजून पान उलटलं होतं. गुजराती अक्षरं दोन रविवारांत येतात, शिकून घ्या. मोडीचा मात्र हट्ट धरू नका, जाणकाराला पैसे द्या.

मग फेरफार

सातबारा आजचा मालक सांगतो. पूर्वज सापडतात ते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदणाऱ्या गाव नमुना ६ मध्ये. दिलासा इतकाच की गुजरातेतही सात-बारा, आठ-अ आणि सहा हे नमुने आहेत, कारण दोन्हीकडचा महसुली कारभार एकाच मुंबई इलाख्यातून आला. आजच्या गट किंवा सर्व्हे नंबरवरून निघा आणि फेरफार क्रमांक धरून मागे मागे जा. सगळ्यात मोलाचा वारस फेरफार: कोण वारलं, मागे कोण, नातं काय.

इथे काही अक्षरं ओळखता आली पाहिजेत. ‘धर्मा बिन नवशा’ म्हणजे नवशाचा मुलगा धर्मा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. आणि ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबा: अज्ञान पालन कर्ता. म्हणजे मूल तेव्हा अज्ञान, कायद्याने वयात न आलेलं, होतं, आणि जन्मसालाचा अंदाज तुमच्या हातात आला. बापाच्या नावाशिवाय कुणालाच आपला पूर्वज मानू नका. वारल्यांत बुधवारी जन्मला तो बुध्या आणि शुक्रवारी जन्मला तो शुक्र्या अशी नावं ठेवायची रीत. एकेका गावात कितीतरी बुध्या निघतील.

कब्जेदाराच्या रकान्यात सावकाराचं नाव बघून ‘आमची जमीनच नव्हती’ म्हणत परत फिरू नका. डहाणू-उंबरगाव पट्ट्यात कसणारे बहुतेक कुळंच, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, होते; १९४५ चा वारल्यांचा उठाव काही उगाच झाला नाही. कुळाचं नाव इतर हक्कांत शोधा, आणि नमुना १२ मध्ये ‘जमीन करणाराचे नाव’ या रकान्यात. कसणाऱ्या कुळांना जमिनीचा मालक मानणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन राज्य फुटायच्या आधीचा, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ३२-ग ची, म्हणजे कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याची, प्रकरणं सीमेच्या दोन्ही बाजूंना असू शकतात. माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव मला मिळालं ते तिथेच.

बाकीचं थोडक्यात. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, मागा. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. नाशिक-त्र्यंबकच्या वंशावळी ठेवणाऱ्या उपाध्यायांकडे गेलात तर तालुका जुना सांगा. नकलेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पलीकडे जायचं तर ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवली गाठा आणि उंबरगाव रोडला थांबणारी सकाळची गाडी धरा. फक्त १४ जानेवारीला जाऊ नका. तिकडे उत्तरायणाची सुट्टी असते. सगळं गाव गच्चीवर पतंग घेऊन, आणि मी कचेरीच्या कुलपासमोर कागदांची पिशवी घेऊन.